माजघरातील ख्रिस्तभक्ती

नाताळाचा सण दोन दिवसांवर येऊन ठेपला आहे. आमच्या या देवळांच्या गावातही बेकरीच्या काचेआड केक मांडलेले दिसतात, कागदी चांदण्या टांगलेल्या दिसतात, आणि शाळेतून परतलेली नातवंडे आजीपाशी लाल टोपीचा हट्ट धरतात. जुन्या वळणाच्या वडीलधाऱ्यांस हे सारे परके वाटते, तरुणांस त्यात गंमत वाटते. आणि ज्यांचा हा सण, त्या ख्रिस्ती बंधुभगिनींच्या घरात वर्षाचे बाकीचे दिवस कोणत्या धर्माने जातात, याची चौकशी मात्र दोघांपैकी कोणीच करीत नाही. टोपी आणि केक हा सणाचा पेहराव झाला. आषाढीस आलेल्या परक्या पाहुण्याने बुक्का आणि चिपळ्या तेवढ्या पाहाव्यात आणि वारी कळली असे समजून परत जावे, तसलाच हा प्रकार होय.

आम्ही हरिदास. विठ्ठलाच्या पायरीशी आयुष्य गेले, गळ्यातील तुळशीची माळ चितेपर्यंत उतरावयाची नाही. ‘सगळे धर्म अखेर एकच’ असे म्हणून हात झटकणाऱ्यांपैकीही आम्ही नव्हे. तसे म्हणणारा बहुधा एकही धर्म नीट वाचीत नाही. ख्रिस्ती मनुष्य एकच अवतार मानतो, एकच जन्म मानतो, आणि मोक्ष स्वतःच्या पुण्याईने नव्हे तर देवाच्या कृपेने मिळतो असे मानतो. आमचे सिद्धांत निराळे आहेत आणि ते निराळेच राहोत. परंतु धर्माची पारख सभामंडपात होत नाही, ती माजघरात होते, हे आम्ही कीर्तनात वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. गृहस्थाश्रमावर इतर तिन्ही आश्रम उभे आहेत असे स्मृतिकारांनी म्हटले ते उगाच नव्हे. तीच कसोटी शेजाऱ्याच्या धर्मास लावून पाहण्यास प्रत्यवाय नसावा.

ख्रिस्ताचे चरित्र ज्या चार शुभवर्तमानांत आले आहे ती वाचताना संस्कृतज्ञ वाचकाच्या प्रथम लक्षात येते ते हे की या पुरुषाचा बराचसा धर्म जेवणाच्या पंक्तीत घडला. वयाच्या सुमारे तिशीपर्यंत तो नासरेथच्या लहानशा गावात सुताराच्या घरी राहिला. पुढे उपदेशास बाहेर पडल्यावर योहानाच्या शुभवर्तमानाप्रमाणे त्याचा पहिला चमत्कार काना गावच्या लग्नघरात झाला. मार्था आणि मरीया या बहिणींच्या घरची हकीकत तर आमच्या कीर्तनातल्या मायबायांनी जरूर ऐकावी. पाहुण्यांच्या सरबराईत थकलेली मार्था तक्रार करते की बहीण नुसती पायाशी बसून ऐकते आहे, कामास हात लावीत नाही. आणि पाहुणा बाजू घेतो ती ऐकणाऱ्या बहिणीची. (आमच्या श्रोत्यांतील निम्म्याहून अधिक बायका मार्थेच्याच बाजूच्या निघतील, याविषयी आम्हांस शंका नाही.) त्याच्यावर शास्त्रीपंडितांचा मुख्य आक्षेप कोणता? तर हा जकातदारांच्या आणि पापी लोकांच्या पंक्तीस बसतो. त्या काळी रोमन सरकारासाठी कर वसूल करणारा मनुष्य यहुदी समाजात विटाळलेलाच समजला जाई. म्हणजे तंटा पंक्तिव्यवहाराचा होता. तो आपणांस समजावून सांगण्याची गरज पडू नये.

त्याच्या पट्टशिष्यासही हे जड गेले. पेत्र अंत्युखिया नगरात परधर्मातून आलेल्या ख्रिस्ती मंडळींबरोबर जेवत असे. पुढे यरुशलेमेकडून कडव्या मताचे काही लोक आले, तेव्हा लोक काय म्हणतील या भयाने तो हळूच पंक्तीतून उठून वेगळा बसू लागला. पौलाने त्यास सर्वांसमक्ष खडसावले. ही हकीकत पौलाने स्वतःच गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात नमूद केली आहे. सोवळे केवळ आमच्याच आळीत नांदते अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी हे प्रकरण पाहावे. आणि पौलाच्या त्या खडसावण्याने प्रश्न मिटला असेही नाही. गोव्यात सोळाव्या शतकापासून ख्रिस्ती झालेल्या समाजात बामण, चार्डो, सुदिर हे भेद टिकून राहिले. सोयरीक जुळवताना ते विचारले जात. पाण्याने बाप्तिस्मा झाला तरी पंक्तीचा बाप्तिस्मा व्हावयास पिढ्यान्‌पिढ्या लागतात, आणि हा कमीपणा त्यांचा एकट्याचा नाही.

या सर्वांचे मराठी संसारातील रूप पाहावयाचे तर रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्या घराकडे वळावे लागते. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ सालापासून भागाभागांनी प्रसिद्ध झाली. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, नवऱ्यापाशी अक्षरे गिरवलेल्या बाईने लिहिलेले हे पुस्तक मराठी गद्याचे भूषण ठरले, हे सर्वज्ञात आहे. परंतु बहुतेक वाचक ते विनोदासाठी वाचतात. आम्हांस त्यात एका धर्माची अग्निपरीक्षा दिसते.

टिळक कोकणातले ब्राह्मण, संस्कृताचे जाणते, पुढे ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून महाराष्ट्रास प्रिय झालेले. १८९३ च्या सुमारास राजनांदगावास जाताना आगगाडीत एका युरोपीय गृहस्थाने त्यांच्या हाती बायबल दिले. मत्तयाच्या शुभवर्तमानातील पर्वतावरील प्रवचन वाचून त्यांचे मन पालटले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते पुढे सांगत. आमच्यासारख्या वारकऱ्यास हे ऐकून सुख व्हावे की दुःख, हे अद्याप आम्हांस ठरवता आलेले नाही. मात्र एक गोष्ट ठरली आहे. ज्या प्रवचनाने टिळकांचे हृदय हलविले त्याच प्रवचनात ख्रिस्ताची एक आज्ञा आहे, तिचा आशय असा: तू वेदीपाशी दान अर्पण करावयास आलास आणि तेथे तुला आठवले की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही सल आहे, तर दान तेथेच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर आणि मग येऊन दान दे. यजमानाने नैवेद्याचे ताट देवापुढे ठेवावे आणि पुरोहिताने सांगावे की थांब, आधी धाकट्या भावाच्या घरी जाऊन ये! असा पुरोहित आम्हांस आजवर भेटलेला नाही, आणि ख्रिस्ती मंडळींस तरी रविवारी किती भेटतात ते तेच जाणोत.

आता टिळकांच्या वेदीपाशी कोणाची आठवण उभी होती? तर अकराव्या वर्षी त्यांच्या गळ्यात माळ घातलेल्या पत्नीची. पत्नीस विश्वासात न घेता त्यांनी धर्म बदलला, आणि लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला पदराखाली घेऊन जित्या नवऱ्याची परित्यक्ता झाल्या. आमच्या मते हा अन्याय होता. कितीही उदात्त प्रेरणा असली तरी सहधर्मचारिणीस अंधारात ठेवून केलेले धर्माचरण अपुरेच होय. सप्तपदीत सोबतीने पाऊल टाकावयाचे ते काय केवळ हवन-पूजनापुरते? टिळकांचे चाहते हा भाग हळुवारपणे ओलांडून पुढे जातात. आम्ही ओलांडू इच्छीत नाही, कारण पुढील पाच वर्षांत त्या मनुष्याने जे केले त्याचे मोल या अन्यायाच्या पार्श्वभूमीवरच कळते.

त्या वेळी देशात १८६६ सालचा एक कायदा होता. एखादा नेटिव्ह मनुष्य ख्रिस्ती झाला आणि त्या धर्मांतरामुळे त्याच्या पत्नीने सहा महिने त्यास टाकले, तर न्यायालयाकडून विवाहबंधन तोडून घेण्याची आणि पुन्हा विवाह करण्याची वाट त्या कायद्याने मोकळी केली होती. टिळकांस ही वाट उघडी होती. सहा महिने कसले, सुमारे पाच वर्षे दोघांची ताटातूट झाली. ते त्या वाटेने गेले नाहीत. पौलाने करिंथ येथील मंडळीस लिहिले आहे की पत्नी ख्रिस्ताला मानणारी नसली तरी ती नांदावयास तयार असेल तर भक्ताने तिला टाकू नये. पत्नी नांदावयास तयार नसेल तर काय, याविषयी पौल मोकळीकही देतो. टिळकांनी ती मोकळीक घेतली नाही. त्यांनी पत्रे लिहिली, वाट पाहिली, तऱ्हेवाईक स्वभावाचा आणि तापट मस्तकाचा हा मनुष्य धीर धरून राहिला. शीघ्रकोपी माणसाने पाच वर्षे वाट पाहणे याला आम्ही तप म्हणतो.

त्या पाच वर्षांतील काही काळ लक्ष्मीबाई बहीण-मेहुण्यांच्या आश्रयाने आमच्या याच पंढरीत होत्या. हे वाक्य लिहिताना लेखणी थोडी थबकते. बाटलेल्या नवऱ्याची बायको म्हणून तिच्याकडे कोणत्या नजरांनी पाहिले गेले असेल, याची कल्पना करण्यास मोठी प्रतिभा लागत नाही. ज्या देवळात चोखोबांना बाहेर राहावे लागले आणि ज्याची दारे हरिजनांस १९४७ साली साने गुरुजींच्या उपोषणानंतर उघडली, त्या देवळाच्या गावात १८९५ नंतरची ती वर्षे. तरीही तिला पोटाशी धरणारी बहीण हिंदूच होती, सोवळेओवळे पाळणारीच होती, हेही विसरता कामा नये. धर्म कोणताही असो, माणुसकी अशी एखाद्या माजघरात दिवा लावून बसलेली असते.

मग लक्ष्मीबाई नवऱ्याकडे परतल्या, परंतु ख्रिस्ती होऊन नव्हे. त्यांनी आपले सोवळे आणि आपली चूल वेगळी ठेवली. टिळकांनी त्यास हरकत घेतली नाही. वाचकांनी क्षणभर त्या घराचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. धनी ख्रिस्ती उपदेशक, धनीण सोवळ्यात. एकाच छपराखाली दोन स्वयंपाक, दोन पाण्याची भांडी. बाहेर जगास ख्रिस्ताचे प्रेम सांगणारा मनुष्य घरात बायकोच्या हंड्यास हात लावीत नाही, कारण तिला ते चालत नाही. उपदेश करणे सोपे असते. आपला उपदेश ज्यास पटलेला नाही त्याच्या हंड्याचा मान राखणे कठीण. टिळकांची ख्रिस्तभक्ती आम्हांस त्यांच्या ‘अभंगांजली’त दिसते त्याहून अधिक त्या न शिवलेल्या हंड्यात दिसते.

पुढे काय झाले तेही लक्ष्मीबाईंच्या तोंडून ऐकण्यासारखे आहे. त्यांचे मन प्रथम वळले ते ख्रिस्ताच्या एखाद्या सिद्धांताने नव्हे. विचार करता करता त्यांस एकदा लख्ख कळले की हे जातीपातीचे भेद देवाने केलेले नसून माणसाने केलेले आहेत, आणि त्या क्षणापासून त्यांनी कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचे ठरविले. आधी पाणी, मग बाप्तिस्मा. तो त्यांनी १९०० साली घेतला. पैठणच्या नाथांनी श्राद्धाचे अन्न अंत्यजांस वाढल्याचे आख्यान आम्ही कीर्तनात शेकडो वेळा लावले आहे. श्रोते माना डोलावतात, डोळे पुसतात, आरतीस पैसे टाकतात आणि घरी जाऊन आपापल्या हंड्यास झाकण घालतात. लक्ष्मीबाईंनी ते आख्यान आपल्या स्वयंपाकघरात लावले, आणि तेथे ना टाळ होते ना पेटी. हे करण्यासाठी त्यांस धर्म बदलावा लागला, ही गोष्ट आपल्या अभिमानाची नाही.

त्यानंतरचे त्यांचे घर हे एक प्रकारचे अन्नछत्रच होते. अनाथ मुले यावीत, आजारी मनुष्य यावा, वाट चुकलेला विद्यार्थी यावा. टिळकांच्या हाती पैसा ठरत नसे. मागणारा दिसला की तो जाई, आणि मग संध्याकाळी चूल कशी पेटवावी हा प्रश्न लक्ष्मीबाईंचा. दातृत्वाची कीर्ती एकाची आणि पिठाच्या डब्याचा तळ दुसऱ्याच्या नशिबी, ही स्थिती धर्मशील कुटुंबांतून फार जुनी आहे. लक्ष्मीबाई त्यावर भांडल्या, रुसल्या, आणि अखेर स्वतःच टिळकांहून मोठ्या अन्नदात्या झाल्या. जळगावच्या १९०७ सालच्या कविसंमेलनात गाजलेला त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाचा पोरगेला कवी त्यांच्या अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) घरी मुलासारखा राहिला. तेच आपले बालकवी. त्या ख्रिस्ती घरचे वात्सल्य त्यांस लाभले आणि ते अखेरपर्यंत हिंदूच राहिले. ख्रिस्ती घराच्या उंबऱ्याशी मुलाला पाठवावयास जे आजही धजत नाहीत त्यांच्या माहितीकरिता हे लिहिले.

टिळकांनी ख्रिस्तोपासनेत कीर्तन आणले, अभंग आणला, टाळ-मृदंग आणले. व्यवसायबंधू या नात्याने त्याविषयी लिहावयास पुष्कळ आहे, परंतु तो विषय आज नव्हे. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे ख्रिस्ताचे दोन्ही प्रकारचे भक्त एकत्र बसावेत असा त्यांचा हेतू होता. ९ मे १९१९ रोजी ते निवर्तले. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध काव्य पुढे नेले ते लक्ष्मीबाईंनी. एके काळी ज्या नावाने संसार उद्ध्वस्त झाला त्याच नावाच्या ओव्या त्या बाई म्हातारपणी रचीत बसल्या.

आता आपल्या घराकडे पाहू. आपल्याकडे धर्मांतर केलेल्या माणसाच्या नावाने आंघोळ करून मोकळे होण्याची रीत होती. घट फोडीत, आणि तो मनुष्य जिवंतपणी मेला असे धरीत. कायद्याने ते दिवस गेले. मनातून गेले असे छातीवर हात ठेवून म्हणवत नाही. अलीकडे कीर्तन आटोपल्यावर, बुक्का लावून घेताना, एखादी माउली हळूच बाजूस घेऊन विचारते की बुवा, लेकीने ख्रिस्ती मुलाशी नोंदणी लग्न केले आहे, चार वर्षे तिचे तोंड पाहिले नाही, यंदा नाताळास तिने जेवावयास बोलावले आहे, जावे की नाही? यजमान नको म्हणतात. असा प्रश्न एकीनेच विचारला असता तर आम्ही तो येथे मांडला नसता.

गोव्याचे उदाहरण येथे घेण्यासारखे आहे. तेथे नाताळास ख्रिस्ती घरांतून कुस्वाराची ताटे शेजारच्या हिंदू घरी जातात. त्यांत दोदोल असतो, नेवऱ्या असतात. गणेशचतुर्थीस हिंदू घरून ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे फराळ जातो, त्यातही नेवऱ्या असतात. एकाच नेवरीने दोन सण साजरे होतात, आणि त्यामुळे ना कोणाचा गणपती विटाळला ना कोणाचा येशू. वसईकडील ख्रिस्ती समाजाची बोली, शेती आणि लग्नातली गाणी ऐकली तर तो आपल्याच घरातला आहे याविषयी संशय उरत नाही. त्याच वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ मराठीत आणले, हरित वसईसाठी लढा दिला, आणि २०२० साली उस्मानाबादेस, म्हणजे आजच्या धाराशिवास, भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. २०२४ साली ते गेले. आमच्या ज्ञानोबा-तुकोबांची नावे त्यांच्या तोंडी कशी शोभत, हे ज्यांनी त्यांस ऐकले ते सांगतील.

ख्रिस्ती वाचकांसही दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे, कारण त्यांच्याही घरी हे पान पोहोचते असे आम्ही समजतो. घरात आलेल्या हिंदू सुनेच्या देव्हाऱ्याशी कसे वागावे, हे टिळकांच्या न शिवलेल्या हंड्याने तुम्हांस शिकविले आहे. तिने आपणहून काही स्वीकारले तर तो तिचा प्रश्न. आग्रहाने, लाजवून किंवा सासूच्या अधिकाराने स्वीकारविले तर तो तुमच्याच धर्मग्रंथाशी द्रोह होईल. पर्वतावरील प्रवचनातील ती वेदीची आज्ञा तुमच्या घरी रविवारी वाचली जाते. मुलाच्या सासुरवाडीशी चार वर्षे बोलणे नसेल तर नाताळाच्या मध्यरात्रीच्या उपासनेस निघण्यापूर्वी तिकडे एक निरोप गेला पाहिजे. फोन घरोघरी आहेत.

आणि त्या माउलीस आमचे उत्तर असे की जरूर जावे. यजमान येत नसतील तर नातवास पाहावयाचे आहे म्हणून सांगावे, ते येतील. मांसाहार वर्ज्य असल्यास जावयास आधी कळवावे. तो वरणभाताची सोय आनंदाने करील, आणि न केली तर लेक करील, तिला ते आपल्या हातचे येते. एकादशी असेल तर फराळाचे सांगावे. तेथे प्रार्थना चालू असता हात जोडून स्वस्थ बसावे. मनात विठ्ठलाचे नाव घेण्यास कोणी अडवीत नाही. जाताना तिळाच्या वड्यांचा डबा न्यावा. निघतेवेळी तिने तो डबा भरून दिला तर नको म्हणू नये, आणि घरी आल्यावर त्यातले चार घास यजमानांच्या पानात वाढावेत.